आंबट पाण्यातील माशांचे मीठ

गोड्या पाण्यातील मासा आपल्या रक्तातील मीठ कसे राखतो, या प्रश्नाचा विचार गेली शंभर वर्षे ज्या रीतीने होत आला आहे, तिच्यात मला पहिल्यापासून एक खोड दिसत आली आहे. ती ही की, संशोधकांचे सारे कुतूहल जमेच्या रकान्याकडे लागून राहिले आणि खर्चाचा रकाना कारकुनाने भरावा तसा भरला गेला. रक्तद्रवात दर लिटरला दीडशे मिलिमोलच्या आसपास सोडियम आणि भोवतालच्या पाण्यात बहुधा एक मिलिमोलहूनही कमी, ही मूळची विषमता वाचकांस परिचित आहे. मूत्रपिंडांनी पाणी उपसावे आणि कल्ल्यांनी मीठ आत ओढावे, हा व्यवहारही नव्याने सांगण्याचे कारण नाही. पाणी आम्ल झाले म्हणजे हा व्यवहार कसा मोडतो, आणि काही थोड्या जातींत तो का मोडत नाही, एवढ्याच मामल्याचा येथे परामर्श घ्यावयाचा आहे.

आरंभ अर्थात कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोग यांच्यापासून केला पाहिजे. १९२० सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते केशवाहिन्यांवरील कामाबद्दल. परंतु माझ्या मते त्यांच्या बुद्धीचा खरा कस लागला तो त्यानंतर दीड-दोन दशकांनी, सोनमासे आणि बेडूक यांना ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवून त्यांच्या अंगचे मीठ उतरवावयाचे व मग अतिविरल द्रावणात सोडून ते कोणता आयन किती वेगाने परत उचलतात हे पाहावयाचे, या साध्या दिसणाऱ्या प्रयोगांत. सोडियम आणि क्लोराइड हे एकमेकांवाचून आत घेतले जाऊ शकतात, हे त्यांनी दाखविले, आणि सोडियमच्या मोबदल्यात अमोनियम व क्लोराइडच्या मोबदल्यात बायकार्बोनेट अशी अदलाबदल चालत असावी, असा तर्क मांडला. १९३९ च्या त्यांच्या ग्रंथातील या तर्कावर पुढील पिढ्यांनी आपली उपजीविका केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मधल्या वर्षांत किरणोत्सर्गी सोडियमच्या साहाय्याने जी कोष्टकांमागून कोष्टके निघाली, ती उपयुक्त आहेत, वाचनीय नाहीत. ती ओलांडून आपण थेट नॉर्वेत जाऊ.

दक्षिण नॉर्वेतील नद्यांत ट्राउट व सामन का नाहीसे होत चालले, याचा संबंध पाण्याच्या आम्लतेशी क्नूट डाल यांनी १९२० च्या दशकातच लावला होता. पण ते आम्ल येते कोठून, याचा उलगडा व्हावयास १९६७ साल उजाडावे लागले, आणि तो केला स्वान्टे ओडेन या स्वीडिश मृदाशास्त्रज्ञाने, तोही एका दैनिक वर्तमानपत्रातून. ब्रिटन आणि मध्य युरोपातील धुराड्यांतील गंधक पावसावाटे स्कँडिनेव्हियात उतरते, ही त्याची फिर्याद प्रथम अनेकांनी हसण्यावारी नेली. पुढे १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९७९ चा जिनीव्हा करार झाला. तो इतिहास राजकारणाचा आहे आणि इतरांनी सविस्तर लिहिला आहे. मला मोलाचे वाटते ते १९७५ च्या वसंतातील टोवडाल नदीचे प्रकरण. बर्फ वितळू लागले, हिवाळाभर त्यात साठलेले आम्ल एकदम नदीत उतरले आणि ट्राउट मासे मरून तरंगू लागले, तेव्हा लाइव्हेस्टाड आणि म्युनिझ यांनी केवळ मढी मोजली नाहीत. त्यांनी माशांचे रक्त तपासले. त्यात सोडियम व क्लोराइड दोन्ही लक्षणीय घसरलेले आढळले. हा मजकूर १९७६ साली ‘नेचर’मध्ये अवघ्या दोन पानांत आला, आणि ती दोन पाने मी आजही विद्यार्थ्यांस प्रथम वाचावयास देतो.

मीठ गेले म्हणून मासा मरतो कसा? याचे उत्तर कॅनडातील मिलिगन व वुड यांनी १९८२ मध्ये दिले. रक्तद्रवातील क्षार उतरले की तो पातळ पडतो, पण स्नायू आणि तांबड्या पेशी यांच्या आतील क्षार मात्र तितके उतरलेले नसतात. सबब पाणी रक्तद्रवातून पेशींत शिरते, रक्तद्रवाचे आकारमान घटते, तांबड्या पेशी फुगून दाटीवाटीने वाहू लागतात, रक्तदाब चढतो आणि असे घट्ट रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. आम्लाने पोळून वा गुदमरून मासा मरतो, ही सामान्य समजूत तीव्र आम्लापुरती, किंवा पाण्यात ॲल्युमिनियम उतरून कल्ल्यांवर साचले असेल तेथपुरती खरी असेल. सामू चार-साडेचारच्या मृदू पाण्यात त्याचा बळी घेते ती गळती.

आणि ही गळती होते कोठून? बाजारात मासळी घेताना कल्ल्याचे झाकण उचलून लाली पाहण्याची सवय आपल्या घरोघरी आहे; पण ते तांबडे तंतू भिंगाखाली धरावेत, म्हणजे प्रत्येक तंतूवर दुतर्फा, पुस्तकाच्या पानांसारखी एकाशेजारी एक उभी असलेली पातळ पटले दिसतात, आणि रक्त व नदी यांच्यामध्ये एक-दोन पेशींचाच काय तो पडदा आहे हे ध्यानी येते. त्या पेशी कडेने एकमेकींस घट्ट सांधलेल्या असतात आणि तो सांधा बळकट राहतो तो कॅल्शियमच्या आधाराने. सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयन दसपट होतात. साताचा चार झाला की सहस्रपट. हे हायड्रोजन आयन कॅल्शियमला त्याच्या जागेवरून उठवितात, सांधे सैल पडतात आणि सोडियम-क्लोराइड पेशींच्या मधून वाहून जाऊ लागतात. पाण्यात मुळात कॅल्शियम विपुल असेल तर तेच आम्ल माशाला निराळ्याच प्रकारे छळते: मॅकडोनल्ड, होबे व वुड यांनी १९८० मध्ये दाखविले की कठीण पाण्यात ट्राउटचे रक्त आम्ल होते पण मीठ फारसे जात नाही, आणि मृदू पाण्यात मीठ जाते पण रक्त फारसे आम्ल होत नाही. इतका स्वच्छ निकाल जीवशास्त्रात क्वचित लागतो. तरीही आमच्या काही विद्वान मित्रांनी ‘कॅल्शियम हा केवळ पार्श्वभूमीचा घटक आहे’ असे परिसंवादांतून सांगण्याचा परिपाठ सोडलेला नाही.

त्यांचा हुकमी पुरावा म्हणजे ॲमेझॉनची उपनदी रिओ नेग्रो. काळ्या चहाच्या रंगाचे तिचे पाणी कुजलेल्या पाल्याच्या अम्लांनी भरलेले, सामू बहुधा चार ते पाच, आणि सोडियम इतके अल्प की माशाच्या रक्तातील सोडियम त्याच्या कित्येक हजार पट भरावे; तरी मत्स्यजातींची तेथे रेलचेल आहे. आल्फ्रेड वॉलेस १८५० ते १८५२ या काळात तेथे हिंडला. परतीच्या जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह गेला, पण माशांची रेखाचित्रे वाचली. क्रॉफर्ड मार्केटात प्लास्टिकच्या पिशवीतून आपण जो कार्डिनल टेट्रा घरी आणतो, तो मूळचा तेथला. त्याच्या जवळच्या निऑन टेट्रावर गोन्झालेस व प्रीस्ट यांनी १९९९ मध्ये प्रयोग केले, तेव्हा सामू चाराखाली नेला तरी त्याची सोडियमची आवक मंदावली नाही. झाले; आवकवाद्यांनी गुढ्या उभारल्या. शिवाय तेथील अनेक जातींना जादा कॅल्शियम देऊनही फारसा फरक पडत नाही, असे आढळल्यावर तर कॅल्शियमचा दावा खारीज झाला, असेच जाहीर करण्यात आले.

मला यात हरकत घेण्यास भरपूर जागा दिसते. त्याच नदीतील एंजलफिशची आवक मुळातच क्षीण, आणि आम्लात ती आणखी मंदावते. तरी तो सुखाने नांदतो, कारण त्याची जावकच अत्यल्प आहे. आवक चांगली असलेला मासा आणि आवक क्षीण असलेला मासा दोघेही जर जगत असतील, तर त्यांच्यातील समान गुण कोणता, हे पाहावयास नको काय? तो गुण जावकीवरील ताबा हाच. जादा कॅल्शियमचा परिणाम होत नाही, याचा सरळ अर्थ मी असा घेतो की या माशांच्या सांध्यांनी आपल्या वाट्याचे थोडके कॅल्शियम इतके घट्ट धरले आहे की वरून आणखी ओतण्याने काही साधत नाही. अलीकडे सांध्यातील क्लॉडिन नामक प्रथिनांचा अभ्यास सुरू झाला असून, झेब्राफिशच्या पिलांत त्यांपैकी एक कमी केले की सोडियमची गळती वाढते, हे दिसून आले आहे. ज्यांनी काल सांध्यांना गौण ठरविले, तेच आज क्लॉडिनवर व्याख्याने देतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आवकवाद्यांना त्यांचे श्रेय द्यावयाचे तर ते जपानच्या ओसोरेझानला द्यावे लागेल. आओमोरी प्रांतातील हा ज्वालामुखी म्हणजे जपानी श्रद्धेनुसार मृतांच्या लोकाचे द्वार. तेथून निघणाऱ्या ओढ्याला त्यांच्या वैतरणीचे, सान्झूचे, नाव आहे. तेथील उसोरी सरोवराचा सामू साडेतीन, आणि त्यात राहतो तो एकटा उगुई मासा. २००३ साली हिराता, कानेको, हिरोसे प्रभृतींनी त्याच्या कल्ल्यांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, ते वाचताना प्रतिपक्षी असूनही मी मान डोलावली: मीठ हाताळणाऱ्या पेशी एरवी सुट्या विखुरलेल्या असतात, त्या येथे पुंजक्यांनी जमलेल्या, सोडियम घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकणारे प्रथिन वाढलेले, आणि आम्ल मारण्यासाठी अमोनिया व बायकार्बोनेट निर्माण करण्याची व्यवस्थाही सज्ज. एवढा बंदोबस्त असूनही अंडी घालण्यासाठी हा मासा साध्या पाण्याच्या ओढ्यात चढतो, ही गोष्ट मात्र त्या निबंधाचा हवाला देणारे सहसा सांगत नाहीत.

आता वर ज्याचा उल्लेख आला तो झेब्राफिश. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या १८२२ च्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. आपल्या ओढ्यांतील हा बोटभर मासा आज तैवानपासून कॅनडापर्यंतच्या प्रयोगशाळांत आम्ल पाण्यात ठेवला जातो, आणि तेथे त्याची सोडियमची आवक घटण्याऐवजी वाढते, हा चमत्कार परदेशी लोक आपल्याला सांगतात. आमचे पदव्युत्तर विद्यार्थी जनुकांची आद्याक्षरे घडाघडा म्हणतात. कल्ला मात्र त्यांनी हातात धरलेला नसतो, कारण विच्छेदन अभ्यासक्रमातून गेले आणि त्याच्या जागी पडद्यावरचे चित्र आले. जीवहत्या टळली याचा मलाही संतोष आहे. पण बाजारातून जेवणासाठी आणलेल्या रोहूचा कल्ला भिंगाखाली ठेवण्यास कोणत्या परिपत्रकाची आडकाठी होती? कोकणातील जांभ्या दगडाच्या प्रदेशात पाणी मृदू आणि किंचित आम्ल असते. तेथल्या ओढ्यांतील माशांच्या जावकीचे मोजमाप करा, असे मी कित्येक वर्षे सुचवीत आलो. एका उमेदवाराने विषय घेतलाही होता. मार्गदर्शक समितीने ‘यात रेणवीय अंग नाही’ असा शेरा मारून प्रस्ताव परत पाठविला.

नॉर्वेत मात्र काम पुढे सरकले. गंधकाचा धूर कमी झालाच, शिवाय टोवडाल, मांडाल अशा नद्यांत १९९० च्या दशकापासून चुनखडीची भुकटी सोडण्यात येऊ लागली आणि सामन परत आले. या यशाचे श्रेय अहवालांत सामूला दिलेले असते, आणि पाण्यातील ॲल्युमिनियम निरुपद्रवी होते हेही त्यांत नमूद असते. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तिच्या प्रत्येक पोत्यासरशी नदीत कॅल्शियमही पडते. ते कोणत्या रकान्यात धरावे, हे अहवालकर्त्यांनी अद्याप ठरविलेले दिसत नाही.