छोट्या खोलीसाठी गेमिंग संगणक : कॅबिनेट आणि मदरबोर्डची निवड

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
१. मदरबोर्डचे प्रचलित आकार आणि त्यांतील फरक सांगता येतील.
२. कॅबिनेटचे आकारमान लिटरमध्ये काढता येईल.
३. निवडलेले भाग एकमेकांत बसतील की नाही, हे खरेदीपूर्वी तपासता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कोल्हापूर, बेळगाव किंवा लातूरहून शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी बंगळुरूला आलेल्यांपैकी अनेकांच्या वाट्याला पीजीतील एक कॉट आणि दोन-अडीच फुटांचे टेबल येते. वर्षभरात खोली बदलण्याचीही वेळ येते. अशा ठिकाणी मोठा टॉवर अडचणीचा ठरतो. म्हणून गेमिंगसाठी छोटा संगणक स्वतः जोडावा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

मोठ्या कॅबिनेटमध्ये एखादे माप चुकले तरी निभावते. छोट्यात तीन मिलिमीटर कमी पडले तरी कूलर बसत नाही. खोके उघडलेला माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, आणि साठवलेले पैसे अडकून पडतात. म्हणून छोट्या संगणकात कॅबिनेट, मदरबोर्ड, एसएमपीएस, कूलर आणि ग्राफिक्स कार्ड हे पाच निर्णय वेगवेगळे नसून तो एकच निर्णय आहे, हे या पाठाचे मुख्य सूत्र लक्षात ठेवा.

१. मदरबोर्डचे आकार

एटीएक्स : ३०५ × २४४ मि.मी. इंटेलने १९९५ मध्ये आणलेले हे मानक आजही मोठ्या टॉवरचा पाया आहे.

मायक्रो-एटीएक्स : जास्तीत जास्त २४४ × २४४ मि.मी. विस्तारासाठी चारपर्यंत स्लॉट; रॅमसाठी दोन किंवा चार जागा.

मिनी-आयटीएक्स : १७० × १७० मि.मी. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मांडलेला आकार. विस्तारासाठी एकच स्लॉट (तो ग्राफिक्स कार्डाला जातो). रॅमसाठी सहसा दोन जागा.

छोटा बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, कारण स्क्रूच्या छिद्रांची मांडणी मुद्दाम सुसंगत ठेवलेली आहे. उलट मात्र शक्य नाही. फक्त मिनी-आयटीएक्ससाठी असलेले कॅबिनेट घेतले की पुढील काळातही तुम्ही त्याच आकाराच्या बोर्डांशी बांधले जाता.

२. लिटरचा हिशेब

'कॉम्पॅक्ट' या शब्दाला ठरावीक अर्थ नाही, म्हणून आकारमान मोजावे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा व १००० ने भागा. उत्तर लिटरमध्ये मिळते.

आसूस प्राइम एपी२०१ : ४६ × २०.५ × ३५ = ३३,००५ घन सें.मी., म्हणजे ३३ लिटर. हे मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट आहे.

कूलर मास्टर एनआर२०० : पाय आणि बाहेर आलेले भाग वगळून ३६ × १८.५ × २७.४, म्हणजे सुमारे १८.२ लिटर. पायांसह मोजल्यास ३७.६ × १८.५ × २९.२, म्हणजे २०.३ लिटर. हे मिनी-आयटीएक्ससाठी आहे.

एकाच कॅबिनेटचे दोन आकडे निघतात, हे लक्षात घ्या. टेबलावर जागा मोजताना पायांसहचे माप धरा. मागे निघणाऱ्या केबलांसाठी आणि गरम हवेसाठी आणखी दहा-बारा सें.मी. सोडा.

३. मिनी-आयटीएक्स की मायक्रो-एटीएक्स?

मायक्रो-एटीएक्समध्ये जास्त स्लॉट मिळतात, हे नेहमी सांगितले जाते. पण स्लॉटमधील अंतर केवळ २०.३ मि.मी. असते. आजची बरीच कार्डे अडीच-तीन स्लॉट जाडीची असल्याने खालचे स्लॉट झाकले जातात. म्हणून त्या आकाराचा खरा फायदा दुसरीकडे आहे. त्याच चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड सहसा स्वस्त मिळतो, मॉडेलांची निवड मोठी असते आणि नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस चालू शकतो.

मिनी-आयटीएक्समध्ये तेवढेच परिपथ कमी जागेत बसवावे लागतात आणि अशा बोर्डांचा खपही कमी असतो; त्यामुळे किंमत चढते. शिवाय बहुतेक छोट्या कॅबिनेटना एसएफएक्स एसएमपीएस लागतो. तो १२५ × १००  × ६३.५ मि.मी., म्हणजे ०.८ लिटरचा असतो, तर १४० मि.मी. लांबीचा एटीएक्स एसएमपीएस १.८ लिटरचा. वाचलेल्या एका लिटरसाठीही जास्त पैसे मोजावे लागतात.

'मी तो दर सुट्टीत गावी नेतो' असे असेल, तर एनआर२००सारखा संगणक बॅगेत मावतो. विमानात मात्र मापाने बसला तरी वजनाने अडतो. देशांतर्गत प्रवासात केबिन सामानाची मर्यादा साधारण ७ किलो असते आणि हे रिकामे कॅबिनेटच सुमारे ५ किलोचे आहे. बसने किंवा रेल्वेने नेतानाही ग्राफिक्स कार्ड काढून वेगळे ठेवावे. नाहीतर धक्क्यांनी स्लॉटवर ताण येतो. संगणक टेबलावरच राहणार असेल आणि फक्त घर बदलताना हलणार असेल, तर मायक्रो-एटीएक्स अधिक हिताचे.

४. तपासण्याची पाच मापे

१. बोर्डाचा आकार.
२. ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि जाडी. समोर पंखा लावल्यास त्याची २५ मि.मी. जाडी काही कॅबिनेटमध्ये या लांबीतून वजा होते. रेडिएटर असेल तर साधारण ५२ मि.मी.
३. प्रोसेसर कूलरची उंची.
४. एसएमपीएसचा प्रकार आणि लांबी. केबलांच्या वळणासाठी थोडी जागा जास्त धरा.
५. बोर्डावरील जोडण्या. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याची पिन-जागा हवी. पीजीत सहसा लॅनची तार टेबलापर्यंत येत नाही, म्हणून वाय-फाय असलेला बोर्ड पाहा. स्वस्त मायक्रो-एटीएक्स बोर्डांत ते बहुधा नसते.

५. उष्णतेचा विचार

संगणक जितकी वीज घेतो, जवळपास तितकीच उष्णता खोलीत सोडतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच वर ठेवू शकतो. पंख्याचा वेग आणि भार तोच असेल, तर खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो. बंगळुरूत एप्रिलमध्ये पारा ३४-३५ अंशांच्या आसपास जातो. नागपुरात मे महिन्यात तो ४५ अंशांपर्यंत चढतो. इथे नीट चालणारा छोटा संगणक तिकडे नेल्यावर पंखे घोंगावू लागले, तर त्यात बिघाड नाही. बंगळुरू सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ आहे. त्यामुळे पंख्याचे काम किंचित कमी प्रभावी होते. म्हणून जाळीच्या बाजू आणि धुता येणारी धूळगाळणी असलेले कॅबिनेट घ्या. समोर बंद काच असलेले छोटे कॅबिनेट टाळा.

६. सोडवलेले उदाहरण

समजा, तुम्ही रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० चे २४५ मि.मी. लांबीचे कार्ड, १५८ मि.मी. उंचीचा कूलर आणि १४० मि.मी. लांबीचा एटीएक्स एसएमपीएस ठरवला आहे.

वीज : प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ वॅट, कार्ड ११५ वॅट, उरलेल्या भागांसाठी ५० वॅट धरू. एकूण २५३ वॅट. भार क्षणभर उसळतो हे लक्षात घेता ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. ८५० वॅटसाठी पैसे घालण्याची गरज नाही.

एपी२०१ : कार्डाची मर्यादा ३३८, कूलरची १७०, एसएमपीएसची १८० मि.मी. तिन्ही भाग बसतात.

एनआर२०० : कार्डाची मर्यादा ३३०, म्हणून कार्ड बसते. कूलरची मर्यादा १५५, तीन मि.मी. कमी पडतात. एसएमपीएसही एसएफएक्स लागतो. म्हणजे कॅबिनेट बदलल्याबरोबर बोर्ड, कूलर आणि एसएमपीएस असे तीन भाग बदलावे लागतात.

निष्कर्ष : संगणक वारंवार न्यायचा नसेल, तर वाचलेले पैसे अधिक चांगल्या ग्राफिक्स कार्डावर खर्च करावेत. खेळताना फरक तिथे जाणवतो.

७. खरेदीच्या वेळी

बंगळुरूत सुट्या भागांची मोठी बाजारपेठ म्हणजे एस. पी. रोड, अर्थात सदर पत्रप्पा रोड. टाउन हॉल किंवा मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील चिक्कपेटे स्थानकापासून तिथे चालत जाता येते. जाताना वरील पाच मापे कागदावर लिहून न्या. दुकानदाराने दुसरे मॉडेल सुचवले, तर तिथेच कंपनीच्या संकेतस्थळावरचे मापपत्रक उघडून ताडून पाहा. तुमच्या बोर्डाच्या बायोसची कोणती आवृत्ती निवडलेल्या प्रोसेसरला चालते, हेही तपासा. एएम५ सॉकेटचा २०२२ चा बी६५० बोर्ड २०२४ मधील रायझेन ९००० मालिकेला बायोस अद्ययावत केल्याशिवाय चालत नाही. प्रत्येक भागाचे जीएसटी बिल अनुक्रमांकासह घ्या. वॉरंटीसाठी ते लागते. आणि पहिल्यांदा संगणक सुरू होऊन तासभर खेळून होईपर्यंत एकही खोके टाकू नका.

सारांश

आधी संगणक किती वेळा हलवायचा हे ठरवा. त्यावरून बोर्डाचा आकार, बोर्डावरून कॅबिनेट, आणि कॅबिनेटच्या मर्यादांवरून कार्ड, कूलर व एसएमपीएस निवडा. सर्व मापे कागदावर जुळल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नका.

स्वाध्याय

१. ४० × २० × ३० सें.मी. मापाच्या कॅबिनेटचे आकारमान किती लिटर?
२. एका कॅबिनेटमध्ये कार्डाची मर्यादा ३२० मि.मी. आहे. समोर २५ मि.मी. जाडीचा पंखा लावल्यास ३०० मि.मी. चे कार्ड बसेल का? कारण द्या.
३. तुमच्या टेबलाची मापे घेऊन, मागे १२ सें.मी. सोडून, तिथे मावणाऱ्या कॅबिनेटची कमाल लांबी काढा.