खेळाचा तास

पैठणच्या संत एकनाथांनी सोळाव्या शतकात फुगडी, पिंगा, हमामा, हुतूतू अशा खेळांवर भारुडे रचली. आजही आषाढी वारीत साठी ओलांडलेल्या बाया पदर खोचून फुगडी धरतात, आणि त्यांना कुणी नावे ठेवत नाही. वारी संपली की मात्र मोठ्यांना खेळ हा पोरखेळ वाटू लागतो, आणि पोरांनाही अभ्यासासाठी अंगणातून उठवले जाते.

मेंदूचे अभ्यासक खेळाला रिकामपणाचा उद्योग मानत नाहीत. उंदरांची पिल्ले झोंबाझोंबी खेळताना किंवा गुदगुल्या केल्यावर सुमारे 50 किलोहर्ट्झचा चिवचिवाट करतात, हे जाक पँक्सेप यांनी 1990 च्या दशकात दाखवले. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही. 2019 मध्ये बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठातले उंदीर चक्क माणसांशी लपंडाव खेळायला शिकले. बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, फक्त गुदगुल्या आणि मस्ती. कॅनडातील सर्जियो पेलिस यांच्या प्रयोगांत, लहानपणी सवंगड्यांशी खेळायला न मिळालेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्यांची घडण वेगळी आढळली. माणसात हाच भाग आवेग आवरतो.

खो-खोत खो मिळेपर्यंत उठायचे नसते. लंगडीत कितीही दमले तरी दुसरा पाय टेकवायचा नसतो. मन आवरण्याचा इतका आनंददायी सराव दुसरा कुठला असेल?

खेळाला महागडे सामानही लागत नाही. जमैकात 1980 च्या दशकात वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर एक प्रयोग झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळायचे ते आईला दाखवत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. आपल्याकडे अंगणवाडी ताई हे काम सहज करू शकते.

मुलींचा खेळ सगळ्यात आधी सुटतो. पाणी, धाकटी भावंडे, शेतातली कामे आणि मग लग्न. पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या आरोग्य व्यवस्थापन संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील किशोरींसाठी वर्षभराचा जीवनकौशल्य वर्ग चालवला, संध्याकाळी तासभर. जिथे वर्ग चालले, तिथे मुलींच्या लग्नाचे मध्यक वय 16 वरून 17 वर गेले. तो वर्ग खेळाचा नव्हता. पण मुलींना मैत्रिणींसोबत घराबाहेर हक्काचा तास मिळू शकतो आणि आईबाप त्याला होकार देतात, हे पाचोडने दाखवून दिले आहे. तसाच तास लंगडीला, कबड्डीला का मिळू नये?

मोठ्यांसाठीही पुरावा आहे. न्यूयॉर्कमधील 75 वर्षांवरील 469 जणांच्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बैठे खेळ खेळणाऱ्या आणि नाचणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. हा थेट कार्यकारणभाव नव्हे. मुळात ठणठणीत माणसेच जास्त खेळत असतील. तरीही पारावर पट मांडायला काहीच खर्च नाही.

शाळांनी खेळाचा तास गणिताला देणे थांबवावे, ग्रामपंचायतीने संध्याकाळी मैदानावर दिवा लावावा, आणि मंगळागौरीपुरती निघणारी फुगडी आयाबायांनी श्रावणानंतरही चालू ठेवावी.