मोजू नका, जुळवा!

हातात कटर मशीन, गच्चीवर प्लायची शीट आणि डोक्यात स्वतः बनवलेलं बुकशेल्फ. आयडिया झकास आहे, पण सहा फळ्या तंतोतंत सारख्या कापायची वेळ आली की भल्याभल्यांना घाम फुटतो. महागडा ट्रॅक सॉ न घेता प्रत्येक काप सरळ आणि दर वेळी सारखाच यावा, यासाठी घरच्या घरी करता येणाऱ्या तीन जिग्जचा हा फंडा.

सोमवार ते शुक्रवार आपण काय करतो? स्क्रीनकडे बघतो. फायली सेव्ह करतो, मेल पाठवतो, मीटिंगमध्ये मान डोलावतो. शुक्रवारी संध्याकाळी कुणी विचारलं, 'या आठवड्यात काय बनवलंस?' तर दाखवायला हातात काहीच नसतं. म्हणूनच की काय, माझ्या ओळखीतले बरेच जण वीकएण्डला कुठल्या ना कुठल्या हातच्या कामाकडे वळले आहेत. कुणी ब्रेड भाजतंय, कुणी मातीची भांडी करतंय. मी लाकडाकडे वळले, आणि त्याचं कारण होते बाबा.

बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांची पुस्तकं पलंगाखाली, माळ्यावर आणि आईच्या शिलाई मशीनमागे मिळून चौदा खोक्यांत होती. पगारातले पैसे वाचवून घेतलेली. एका पावसाळ्यानंतर खोकं उघडलं तर आतली पुस्तकं ओल लागून फुगलेली आणि कसरीनं खाल्लेली. बाबांनी खोकं तसंच बंद केलं. मी जोशात जाहीर केलं, 'रॅक मी करते.'

पहिला रॅक

झालं. बोहरी आळीतून कटर मशीन आणलं, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून अठरा मिलिमीटरची प्लाय आली. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडून रविवारी सकाळी गच्ची वापरायची परवानगीही मिळाली. टेपनं मोजलं, पेन्सिलनं रेघ मारली आणि रेघेवरून मशीन ढकललं. शीट दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर टेकवली होती. काप मधोमध आला तशी शीट खाली झुकली, फट मिटली, पातं आत चावलं गेलं आणि मशीन उलटं माझ्याच दिशेनं उसळलं. लागलं नाही, पण पुढचे दोन तास हात थरथरत होते.

तरी रॅक पूर्ण केला. सहा फळ्या वेगवेगळ्या मोजून कापलेल्या, त्यामुळे कुठे दोन मिलिमीटर कमी, कुठे दोन जास्त. रॅक उभा केला तर तो हलायचा. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी करून एका पायाखाली सरकवली. आणि मग त्या रॅकवर पुस्तकं नाहीत, रद्दी रचली! ते मला फार लागलं.

त्याच आठवड्यात खालच्या फ्लॅटमध्ये किचनचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रींना रॅक दाखवायला वर बोलावलं. त्यांनी फळ्यांवरून अंगठा फिरवला आणि हसले. म्हणाले, 'ताई, तुम्ही मोजताय फार. सहा वेळा मोजलं की सहा वेळा चुकणार. मोजायचं एकदा, मग फर्मा करायचा.'

मिस्त्रींचा फर्मा म्हणजे आपल्या भाषेत जिग. ऑफिसातल्या टेम्प्लेटसारखंच की! एक्सेलमध्ये फॉर्म्युला एकदा नीट लिहिला की आपण तो खाली ओढतो, प्रत्येक ओळीत नव्यानं लिहीत बसत नाही. इथेही तेच.

ट्रॅक सॉ म्हणजे काय?

हाताच्या कटर मशीनला सरळ चालायला लावायचं तर त्याला रूळ हवा. जर्मनीतल्या फेस्टो कंपनीनं १९६०च्या दशकात ही कल्पना बाजारात आणली. तिचाच पॉवर टूल विभाग आज फेस्टूल नावानं ओळखला जातो. अॅल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्यावर घसरत जाणारं मशीन आणि पट्टीच्या कडेला रबराची झालर. पहिल्याच वेळी पातं ती झालर स्वतःच्या मापानं कापतं. त्यानंतर झालरीची कड जिथे, काप तिथे. शिवाय कड प्लायला दाबून धरते, म्हणून वरच्या पापुद्र्याचे टवके उडत नाहीत. आता मकितासारख्या इतर कंपन्यांचेही ट्रॅक सॉ मिळतात. पण साध्या कटरच्या मानाने किंमत कितीतरी पट, आणि बरेचसे ट्रॅक दीड मीटरच्या आत-बाहेर. आठ फुटी शीट उभी कापायची तर दोन जोडावे लागतात.

गंमत अशी, की यातलं मूळ तत्त्व प्लायच्या दोन पट्ट्यांत बसतं.

जिग पहिला : घरचा ट्रॅक

सहा मिलिमीटर प्लायची आठ फूट लांब पट्टी घ्या, रुंदी साधारण दोनशे मिलिमीटर. तिच्या एका कडेला बारा मिलिमीटर प्लायची ऐंशी मिलिमीटर रुंद पट्टी फेविकॉल आणि बारीक स्क्रूनं बसवा. ही झाली आधारपट्टी. जिच्यावर मशीन घासत जाणार, ती तिची कड फॅक्टरीत कापलेली असू द्या. ती सरळ आहे का हे कसं कळणार? तिच्या कडेनं कागदावर रेघ मारा, पट्टी पालथी करा, त्याच कडेनं पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर कड सरळ. मधे फट दिसली तर पट्टी बदला.

फेविकॉल वाळला की मशीनच्या तळपत्र्याची रुंद बाजू आधारपट्टीला चिकटवून एकदाच सरळ चालवा. खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापला जाईल आणि उरलेली कड म्हणजेच तुमची कापाची रेघ. आता ही कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायचे आणि मशीन चालवायचं. माझा ट्रॅक कापल्यावर बरोबर १८० मिलिमीटरचा झाला. दोन्ही टोकांना रुंदी सारखी आहे ना, तेवढं नक्की बघा. पुढच्या जिगसाठी ते महत्त्वाचं आहे.

दोन गोष्टी लक्षात असू द्या. हा ट्रॅक त्याच मशीनचा आणि त्याच पात्याचा. वेगळ्या जाडीचं पातं लावलं की कड चुकते. आणि क्लॅम्पचं डोकं मोटरला आडवं येतं का, हे मशीन बंद असताना एकदा ढकलून बघा. मी बघितलं नव्हतं. अर्ध्या कापात मशीन अडकलं.

जिग दुसरा : जुळ्या पट्ट्या

ट्रॅकनं काप सरळ आला, पण चार पट्ट्या सारख्या रुंदीच्या कशा येणार? प्रत्येक वेळी दोन टोकांना टेप लावली की पेन्सिलच्या रेघेची जाडी आणि नजरेचा तिरकेपणा दोन्ही मापात शिरतात. टेपच्या टोकाचा हुक सैल असतो, तो मुद्दाम तसा असतो. आतून आणि बाहेरून मोजताना हुकाच्या जाडीचा फरक भरून निघावा म्हणून. पण हुक वाकला की तेही गणित गडबडतं.

त्यापेक्षा दोन छोट्या पट्ट्या करा. प्रत्येकीच्या एका टोकाला खाली लोंबणारा ठोकळा, जो शीटच्या कडेला अडकेल. दुसऱ्या टोकाला ट्रॅकची मागची बाजू टेकवायची. पट्टीची लांबी किती? हवी ती रुंदी वजा ट्रॅकची रुंदी. मला २८० मिलिमीटरच्या फळ्या हव्या होत्या, ट्रॅक १८०चा, म्हणजे ठोकळ्याच्या आतल्या बाजूपासून पट्टी १०० मिलिमीटर.

खरी मेख इथे आहे. या दोन पट्ट्या वेगवेगळ्या मोजून कापू नका. एकावर एक ठेवा, क्लॅम्प करा आणि एकाच कापात कापा. समजा माप अर्धा मिलिमीटर चुकलं, तरी दोन्ही सारख्याच चुकल्या. म्हणजे सगळ्या फळ्या २८०च्या ऐवजी साडेदोनशे ऐंशीच्या... सॉरी, २८०.५च्या होतील. होऊ देत! रॅक हलतो तो फळी अर्ध्या मिलिमीटरनं मोठी आहे म्हणून नाही, शेजारची फळी तेवढीच नाही म्हणून.

ट्रॅक नेहमी आपल्याला हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवायचा, म्हणजे पातं जेवढं लाकूड खातं ते उरलेल्या शीटमधून जातं. एक पट्टी निघाली की नव्या कडेला जुळ्या अडकवा आणि पुढची कापा. २४४० बाय १२२०च्या शीटमधून २८०च्या चार पट्ट्या निघतात आणि नव्वदेक मिलिमीटरची चिंधी उरते. ती फेकू नका, तिसऱ्या जिगला लागेल. फक्त एक मर्यादा : ट्रॅकपेक्षा अरुंद पट्टी या युक्तीनं कापता येत नाही.

जिग तिसरा : लांबीचा फर्मा

आता आडवे काप. दोन पट्ट्यांतून १८०० मिलिमीटरच्या उभ्या बाजू, उरलेल्या दोनांतून ७५०च्या सहा फळ्या. ७५०पेक्षा लांब फळी पुस्तकांच्या वजनानं मधे वाकायला लागते, म्हणून मी तिथेच थांबले.

एका जुन्या फळीवर चिंधीतल्या दोन पट्ट्या समांतर ठोका. मधलं अंतर २८१, म्हणजे आपली फळी मधे अलगद सरकेल. या पट्ट्याही अठरा मिलिमीटरच्याच, त्यामुळे त्यांची उंची फळीएवढी. त्यांच्यावर आडवा एक आखूड घरचा ट्रॅक स्क्रूनं बसवा. खाली एकेक व्हिजिटिंग कार्ड ठेवा, म्हणजे फळी ट्रॅकखालून न अडकता जाईल. (कार्डांचा शेवटी काहीतरी उपयोग झाला!) मग ट्रॅकच्या कडेपासून ७५० मिलिमीटरवर एक ठोकळा पक्का करा. फळी सरकवा, ठोकळ्याला टेकवा, क्लॅम्प करा, कापा. पुढची. टेप खिशातून काढायचीसुद्धा नाही.

ट्रॅक मागच्या पट्टीशी काटकोनात हवा. गुण्या लावूनच बसवा, पण दुकानातल्या गुण्यावर आंधळा विश्वास नको. समांतर कडांची एक टाकाऊ पट्टी मधोमध कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे एका सरळ कडेला टेकवून जोडून बघा. सांध्यात फट दिसली तर जेवढी चूक आहे त्याच्या दुप्पट ती दिसते. म्हणजे लपायला जागाच नाही. एक स्क्रू सैल करा, ट्रॅक जरा हलवा, पुन्हा कापून बघा. मला चार खेपा लागल्या.

आणि ठोकळ्याची खालची कड थोडी तासून घ्या. नाहीतर भुसा तिथे कोपऱ्यात साठतो, फळी त्याला टेकते आणि तुम्हाला कळायच्या आत अर्धा मिलिमीटर गेलेला असतो. माझी तिसरी फळी अशीच आखूड झाली. त्या फळीचा खालच्या मजल्यावरच्या मांजराला बसायला पाट झाला.

जीव आधी, रॅक नंतर

• शीट कधीच दोन टोकांवर टेकवू नका. खाली चार रिपा टाका, त्यातल्या दोन कापाच्या दोन बाजूंना हव्यात. कापलेला तुकडा झुकला नाही तर पातं चावलं जात नाही.
• पातं प्लायच्या खाली फक्त तीनेक मिलिमीटर उतरू द्या. सहाचा ट्रॅक, अठराची प्लाय, वर तीन, म्हणजे सत्तावीस.
• प्लायसाठी चाळीस दातांचं पातं घ्या. मशीनसोबत येणारं चोवीस दातांचं पातं टवके उडवतं.
• मशीन चालू असताना मागे ओढू नका. अडकलं तर बटण सोडा, पातं थांबू द्या. पातं बदलताना प्लग काढलेलाच हवा.
• गॉगल, कानांना मफ आणि मास्क हवाच. लाकडाचा भुसा कॅन्सरला कारण ठरतो, असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस बाजूला.

दुसरा रॅक

दुसरा रॅक तीन रविवारांत झाला. त्यातले पहिले दोन फक्त जिग्ज करण्यात गेले. गच्चीवर कपडे वाळत घालायला आलेल्या काकू विचारायच्या, 'अगं, रॅक कुठाय?' सांगणार काय? दाखवायला नुसत्या पट्ट्या आणि ठोकळे! पण तिसऱ्या रविवारी सगळे काप एका सकाळीत झाले. सहाही फळ्या एकावर एक ठेवून कडेवरून अंगठा फिरवला, मिस्त्रींनी फिरवला होता तसा. कुठेच अडखळला नाही.

रॅक भिंतीशी उभा केला. बाबांनी वरच्या कोपऱ्याला हात लावून तो हलवून बघितला. मग खाली वाकून पायाखाली बघितलं. कागदाची घडी नव्हती. ते काहीच न बोलता आत गेले आणि पलंगाखालचं एक खोकं ओढत घेऊन आले. संध्याकाळपर्यंत पाच खोकी रिकामी झाली आणि रॅक भरला.

आता उरलेल्या नऊ खोक्यांची लिस्ट बाबांनी स्वतः केली आहे. अजून दोन रॅक लागतील म्हणतात. मला टेन्शन नाही. दोन जुळ्या पट्ट्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेल्या आहेत, वर मार्करनं '२८०' लिहून. त्या उतरवायच्या आणि कापायला लागायचं. मोजायचं आधीच झालंय!