एका टाचेच्या दोन टकटका

1930 च्या दशकात हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत एलेनॉर पॉवेलच्या टॅप नृत्याचा आवाज ऐकताना अभियंते चक्रावले. टाच एकदाच आपटत होती, टकटक मात्र दोनदा ऐकू येत होती.

खोट ध्वनिमुद्रणात नव्हती, स्पीकरमध्ये होती. खर्ज लांबलचक भोंग्यातून यायचा, वरचे स्वर आखूड भोंग्यातून. आवाजाला 1 मीटर कापायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. वाट काही फूट लांबली, की खर्ज मागे पडतो आणि टकटक दुभंगते. स्टुडिओतले अभियंते डग्लस शिअरर, जॉन हिलियर्ड आणि सहकाऱ्यांनी खर्जाची वाट आखूड केली. त्यांच्या ‘शिअरर हॉर्न’ला 1936 सालासाठीचा ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला, तो रास्तच होता.

आज चित्रपटगृहातले स्पीकर जुळवताना पडद्यापासून साधारण दोन-तृतीयांश अंतरावर मायक्रोफोन ठेवतात, ‘पिंक नॉइज’ नावाची सलग खरखर सोडतात आणि पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर 85 डेसिबलवर आणतात. पडद्याला बारीक छिद्रं असली, तरी तो वरच्या पट्टीतला आवाज थोडा गिळतोच. ती तूट इक्वलायझरने बरीचशी भरून निघते.

संवाद नीट कळत नसतील, तर नुसता आवाज वाढवायला सांगू नका. यंत्रणेची मोजणी शेवटची कधी झाली, हे व्यवस्थापकांना जरूर विचारा.