शाळेच्या बागेतील हुमणी

पावसाळ्यात जमिनीत ओल असूनही बागेतील रोपे कोमेजू लागली, तर शिक्षकबंधुभगिनींनी प्रथम एक रोप उपटून पाहावे. ते अलगद हाती आले व मुळे कुरतडलेली आढळली, तर तो हुमणीचा उपद्रव समजावा. पांढरट अंगाची, तपकिरी डोक्याची व अर्धवर्तुळाकार वळलेली ही अळी मुळांलगतच्या मातीत सापडते. ती वेचून नष्ट करावी. परंतु मुळे गेलेले रोप सहसा वाचत नाही. म्हणून उपाय आधीच योजला पाहिजे.

वळवाचा जोरदार पाऊस होताच हुमणीचे भुंगेरे तिन्हीसांजेस जमिनीतून निघून कडुनिंब व बाभळीचा पाला खातात. पुढे एकेक मादी मातीत सुमारे ५० ते ६० अंडी घालते. त्यापूर्वीच रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. भुंगेरे शेजारच्या शिवारातूनही उडून येतात. त्यामुळे हे काम साऱ्या गावाने मिळून करावयाचे आहे. या दिवसांत शाळेस बहुधा सुटी असते. यास्तव मुख्याध्यापकांनी सुटीपूर्वीच ग्रामस्थांशी बोलणे करून ठेवावे.

बागेत पूर्ण कुजलेलेच शेणखत घालावे. पीक निघाल्यावर जमीन खोल खणावी. उघड्या पडलेल्या अळ्या पक्षी टिपतात. बागेतील भाजी मुलांच्या ताटात जाते, हे ध्यानी ठेवून विषारी औषधे वर्ज्य करावीत. अळी, कोष व भुंगेरा ही एकाच किडीची रूपे होत, हा पाठ मुलांना बागेतच द्यावा.