पांढऱ्या माशीला जडणारी बुरशी

उघड्या शेतात पांढऱ्या माशीला चार गोष्टींचा जाच असतो : जोराचा पाऊस, वारा, तिला खाणारे कीटक आणि पीक निघाल्यावर पडणारा खाडा. पॉलिहाऊस या चारही गोष्टी बाहेर ठेवते. आत ऊब असते, वारा थोपवलेला असतो आणि ढोबळी मिरची, काकडी, टोमॅटो किंवा जरबेऱ्याची कोवळी पाने महिनोन्‌महिने उपलब्ध असतात. म्हणून जगभर जिथे जिथे हरितगृहे उभी राहिली, तिथे ही कीड त्यांच्या मागोमाग गेली. युरोपच्या थंड प्रदेशात ‘ट्रायल्युरोडिस व्हॅपोरॅरिओरम’ ही जात प्रमुख ठरली. आपल्या पठारावर बहुधा कपाशीवरची ‘बेमिसिया टॅबॅसी’ हीच पॉलिहाऊसमध्ये शिरते. पण ज्या बंदिस्तपणामुळे ही माशी सुरक्षित झाली, त्याच बंदिस्तपणामुळे तिच्यावर रोग पाडणारी बुरशीसुद्धा तिथे शेतापेक्षा चांगली टिकू शकते. पाऊस तिचे बीजाणू धुऊन नेत नाही, आच्छादनाचा कागद अतिनील किरणांचा बराच भाग अडवतो आणि हवेतला ओलावा आपल्या हाती असतो. असे असूनही आपल्याकडे या बुरशीबद्दल ‘रिझल्ट येत नाही’ हीच तक्रार अधिक ऐकू येते. या तक्रारीत तथ्य आहे. मात्र दोष बुरशीचा कमी आणि विषाच्या सवयीने तिला हाताळण्याचा जास्त आहे, असे उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

आधी विषाचे काय झाले ते पाहू. पांढऱ्या माशीची मादी शंभराहून अधिक अंडी पानाच्या खालच्या बाजूला घालते. त्यातून निघणारे पिल्लू काही तास सरपटते, मग जागा धरून सोंड पानात रोवते आणि प्रौढ होईपर्यंत तिथेच चिकटून राहते. पंचवीस अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. म्हणजे एका हंगामात अनेक पिढ्या, आणि प्रत्येक पिढीत फवारणीतून वाचलेल्यांचीच संतती. उघड्या शेतात बाहेरून येणाऱ्या, विषाला अजून बळी पडणाऱ्या माश्यांमुळे हा प्रतिकार थोडाफार पातळ होतो. बंद घरात तीही सोय नाही. पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटांतील औषधांना या दोन्ही जातींनी दाद न देण्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. त्यात काकडी किंवा मिरचीची तोडणी दर तीन-चार दिवसांनी असते. फवारणीनंतर ठरावीक दिवस थांबून माल तोडा, हा नियम अशा पिकात पाळायचा कसा? ग्राहकाच्या ताटाशी थेट जोडलेला हा प्रश्न मला प्रतिकारशक्तीच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

मग जैविक उपायांत बुरशीच का? कारण पांढरी माशी पान कुरतडत नाही, रस शोषते. अळ्यांवर गुणकारी असलेले बीटीसारखे जिवाणू पोटात गेल्यावरच काम करतात. सोंड थेट पानाच्या नलिकेत खुपसून रस पिणाऱ्या कीटकाच्या पोटात ते जाणार कसे? बुरशीला मात्र तोंडाची वाट लागत नाही. तिचा बीजाणू कीटकाच्या मेणचट त्वचेला चिकटतो, ओलावा मिळाला की अंकुरतो आणि टोकाशी एक फुगीर पकड तयार करतो. तिथून प्रथिने, मेद आणि कायटिन विरघळवणारी विकरे सोडत, थोडा दाबही देत, तो कातडीतून आत घुसतो. आत शरीरद्रवात बुरशीच्या पेशी वाढतात, अन्न संपवतात, काही जाती विषारी द्रव्येही सोडतात. साधारण तीन ते सात दिवसांत कीटक मरतो. हवा दमट असेल तर मेलेल्या शरीरावर बुरशीचा थर उगवतो आणि त्यातून नवे बीजाणू सुटतात.

हे ज्ञान नवे नाही. इटलीतील लोदी भागातल्या आगोस्तिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवून दिले, की रेशीम किड्यांना पांढऱ्या भुकटीत गुंडाळून मारणारा रोग एका सूक्ष्म बुरशीमुळे होतो. पाश्चर आणि कॉख यांच्या कितीतरी आधी सूक्ष्मजीव रोग घडवतो याचा हा पुरावा होता. ती बुरशी आज त्यांच्याच नावाने ‘बिव्हेरिया बॅसियाना’ म्हणून ओळखली जाते. हरितगृहातली खरी कसोटी इंग्लंडमध्ये लागली. तिथल्या टोमॅटो बागायतदारांना 1926 पासूनच ‘एन्कार्सिया फॉर्मोसा’ ही पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी माहीत होती. डीडीटीच्या काळात ती मागे पडली आणि विषे निकामी होऊ लागल्यावर पुन्हा आठवली. त्याच सुमारास, 1970 च्या दशकात, लिटलहॅम्प्टन येथील हरितगृह पीक संशोधन संस्थेत रिचर्ड हॉल ‘व्हर्टिसिलियम लेकॅनी’ या बुरशीवर काम करत होते. शेवंतीला वेळेआधी फुले यावीत म्हणून तिथे वाफ्यांवर संध्याकाळी काळे आच्छादन ओढत. त्याखाली रात्रभर ओलावा साचे आणि मावा बुरशीने पटापट मरे. शेतकऱ्याची एक नेहमीची कृती बुरशीला हवी ती रात्र देत होती. यातून 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला माव्यासाठी ‘व्हर्टालेक’ आणि पांढऱ्या माशीसाठी ‘मायकोटल’ ही उत्पादने बाजारात आली.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला म्हणजे उशीर. विष फवारले की संध्याकाळी माश्या खाली पडलेल्या दिसतात. बुरशी फवारल्यावर चार दिवस त्या उडतच राहतात. पण माणसाच्या नजरेला दिसते ती उडणारी प्रौढ माशी, तर बुरशीचा जोर चालतो तो पानाखाली चिकटलेल्या पिल्लांवर. टेक्सासच्या रिओ ग्रँदे खोऱ्यात 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत हाच फरक स्पष्ट दिसला : पिल्ले मोठ्या प्रमाणात मेली, प्रौढांवर परिणाम तोकडा राहिला. म्हणून हलवलेल्या झाडावरून किती माश्या उडाल्या यावर बुरशीचा निकाल लावणे चूक आहे. भिंग घेऊन पानामागची पिल्ले मोजायला हवीत. शिवाय पिल्लू कात टाकताना अंगावरचे न अंकुरलेले बीजाणूही टाकून देते. त्यामुळे एका फवारणीवर थांबून चालत नाही, पाच-सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन तरी लागतात. आणि या फवारण्या पिवळ्या चिकट सापळ्यावर पहिल्या काही माश्या दिसताच सुरू कराव्या लागतात. पाने मधासारख्या स्रावाने चिकट होऊन त्यावर काजळी चढल्यावर बुरशी आणणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर आणणे.

दुसरा आक्षेप हवामानाचा. बीजाणू अंकुरायला बारा ते चोवीस तास ओलावा लागतो आणि आपला उन्हाळा कोरडा, हे खरे. पण पिल्ले राहतात तो पानाचा खालचा पृष्ठभाग हवेपेक्षा दमट असतो, कारण पान तिथूनच बाष्प सोडते. रिओ ग्रँदेचा भाग काही कोकण नाही. तिथल्या कोरड्या हवेतही पिल्लांना लागण झाली ती बहुधा या पातळ दमट थरामुळे. उष्णतेचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. या बुरशी वीस ते तीस अंशांत जोमाने वाढतात, पस्तीसच्या पुढे थांबतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा तिच्यावर भिस्त ठेवू नये. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळा संपेपर्यंत, सूर्य कलल्यावर, पानांच्या खालून फवारणी, हाच तिचा काळ.

तिसरी गोष्ट मात्रेची, आणि इथे फार कमी बोलले जाते. परदेशी प्रयोगांत हेक्टरी दहा लाख कोटी किंवा त्याहून अधिक बीजाणू वापरलेले दिसतात. आपल्याकडे कपाशीवरील पांढऱ्या माशीसाठी व्हर्टिसिलियमच्या 1.15 टक्के भुकटीची शिफारस हेक्टरी अडीच किलोची आहे. एका ग्रॅममध्ये दहा कोटी जिवंत बीजाणू धरले तर ही मात्रा पंचवीस हजार कोटींची होते, म्हणजे चाळीसपट कमी. वाण वेगळे असतात, पीक वेगळे असते, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लावता येणार नाही. तरीही इतक्या मोठ्या तफावतीनंतर अपयशाचे खापर बुरशीवर फोडणे मला न्याय्य वाटत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप विषाणूंचा आहे. बेमिसिया टोमॅटोत पर्णगुच्छाचा विषाणू पसरवते आणि त्यासाठी तिला झाडावर अल्पकाळ बसणे पुरते. पाच दिवसांनी मरणारी माशी तोवर रोग देऊन गेलेली असते. इथे बुरशी एकटी पुरी पडत नाही, आणि पुरी पडते असे सांगणारा विक्रेता शेतकऱ्याची फसवणूक करतो. बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी, दुहेरी दार आणि रोगट झाडे ताबडतोब उपटणे ही कामे आधीची. बुरशीचे काम आतल्या आत वाढणारी संख्या रोखण्याचे. टोमॅटोच्या पानांतील टोमॅटिन हे द्रव्य प्रयोगशाळेत बिव्हेरियाच्या बीजाणूंना अंकुरण्यापासून रोखते असेही आढळले आहे. काकडीवर मिळालेल्या यशावरून टोमॅटोचा अंदाज बांधू नये.

सुरक्षिततेचे काय? माणसाच्या शरीराच्या तापमानाला या बुरशी सहसा तग धरत नाहीत. पण भुकटी श्वासात गेल्यास ॲलर्जी होऊ शकते, म्हणून तोंडाला मास्क हवाच. एन्कार्सियाशी या बुरशींचे बऱ्यापैकी जमते : ‘अ‍ॅशरसोनिया’ या बुरशीच्या प्रयोगांत ही गांधीलमाशी लागण झालेली पिल्ले ओळखून टाळताना दिसली. धोका आहे तो बास्सींच्या किड्यांना. बीड, जालना परिसरात तुतीची शेती आणि किडे-संगोपन वाढले आहे. अशा संगोपनगृहाजवळ बिव्हेरिया फवारणे हा शेजाऱ्याचा संसार मोडण्याचा प्रकार आहे. दुसरी काळजी आपल्याच फवारणी-पंपाची. भुरीसाठी किंवा करप्यासाठी मारलेले बुरशीनाशक या मित्रबुरशीलाही मारते. दोन्हींमध्ये काही दिवसांचे अंतर न ठेवणारा शेतकरी स्वतःच्या हाताने आपला खर्च पाण्यात घालतो.

उरतो तो मालाच्या दर्जाचा प्रश्न. बीजाणू हे विरजणासारखे आहेत : जिवंत असतील तरच काम करतील, आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या दुकानात महिनोन्‌महिने पडलेले पाकीट मृत भुकटीचेही असू शकते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पाकिटावर वाणाचा क्रमांक, उत्पादनाच्या दिवशीची जिवंत बीजाणूंची संख्या आणि साठवणीचे कमाल तापमान मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक करावे. दुकानदाराकडे ते थंड जागीच ठेवलेले असावे. नारळावरची रुगोज चक्राकार पांढरी माशी 2016 मध्ये दक्षिणेत प्रथम सापडली आणि पुढे गोवा-कोकणापर्यंत आली, तेव्हा बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ‘आयसेरिया फ्युमोसोरोझिया’ या बुरशीचा निवडक वाण पुढे आणला होता. म्हणजे चांगले वाण शोधण्याची क्षमता देशात आहे. कमतरता आहे ती दुकान ते शेत या टप्प्यात. बीजाणू अगारच्या थरावर पसरून चोवीस तासांनी किती अंकुरले ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजणे ही चाचणी कोणत्याही कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकते, आणि तिला लागणारी सामग्री तिथे आधीपासूनच असते. शेतकऱ्याने पाकीट घेऊन यावे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर न्यावे, एवढी सोय प्रत्येक जिल्ह्यात करता येईल.