स्लाइड-सादरीकरण

व्याख्यान, अध्यापन किंवा निवेदन चालू असताना त्यातील आशय चित्रे, आकृत्या, आलेख व त्रोटक मजकूर यांच्या रूपाने एकामागून एक पडद्यावर दाखविण्याची पद्धत. एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या चौकटीस स्लाइड म्हणतात. पूर्वी ही स्लाइड काचेची किंवा छायाचित्रणाच्या फिल्मची असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ती बहुधा संगणकावर तयार करून प्रोजेक्टरच्या साहाय्याने दाखविली जाऊ लागली. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी पॉवरपॉइंट हे इतके प्रचारात आले, की त्याच्या फाइलीस लागणारे ‘पीपीटी’ हे अक्षरचिन्ह मराठीत कोणत्याही सादरीकरणाला सर्रास लावले जाते. शाळा-महाविद्यालये, शासकीय बैठका, वैद्यकीय परिषदा व सेनादले अशा सर्व ठिकाणी ही पद्धत रूढ झाली असली, तरी तिच्या उपयुक्ततेविषयी अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत.

बोलणे आणि चित्र यांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजात चित्रकथीची परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची हाताने रंगविलेली सुटी चित्रे क्रमाने लावलेली असतात. अशा संचास पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो व वाद्यांच्या साथीने तो प्रसंग गाऊन आणि बोलून उलगडतो. चित्रावर मजकूर नसतो; शब्द सर्वस्वी कथेकऱ्याचे असतात. श्रोते रंगले तर एका चित्रावर तो बराच वेळ रेंगाळतो, नाहीतर ते चटकन मागे टाकतो. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

प्रकाशाच्या साहाय्याने चित्र मोठे करून दाखविण्याचे साधन म्हणजे ‘मॅजिक लँटर्न’. त्याचे श्रेय सामान्यतः डच शास्त्रज्ञ क्रिस्तीआन हायगेन्झ यांना देण्यात येते (१६५९). कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात याच तत्त्वावर ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. ‘शांबरिक’ म्हणजे मायावी. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे भराभर बदलून ती हालचाल करीत असल्याचा भास निर्माण केला जाई व जोडीला निवेदन आणि गाणी असत. विनायक व रामचंद्र हे पटवर्धनांचे पुत्र या कामी त्यांचे सहकारी होते. चित्रपटाच्या इतिहासात या खेळांची दखल घेतली जाते. व्याख्यानाच्या इतिहासातही ती घेतली जावयास हवी. दुसरीकडे पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या (स्थापना १८७५) परंपरेने चित्राविना, केवळ वाणीच्या बळावर श्रोते खिळवून ठेवले. महाराष्ट्रातील सार्वजनिक व्याख्यानाचा दर्जा दीर्घकाळ या दुसऱ्या परंपरेवरून ठरत आला आहे.

विसाव्या शतकात ३५ मिमी. रंगीत फिल्मच्या स्लाइड प्रचारात आल्या. त्या गोलाकार तबकात लावून दाखविणारा ‘कॅरोसेल’ प्रक्षेपक कोडॅक कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला. अशी स्लाइड तयार करणे खर्चाचे व वेळखाऊ असल्याने वक्ता मोजक्याच स्लाइड वापरी व त्या निवडताना विचार करी. याच काळात वर्गांत ओव्हरहेड प्रोजेक्टरही आला. त्याच्या पारदर्शक कागदावर शिक्षकाला शिकवता शिकवता लिहिता येई, चूक पुसता येई, विद्यार्थ्याने शंका विचारताच आकृतीत भर घालता येई. पुढील चर्चेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

संगणकीय सादरीकरणाची कल्पना रॉबर्ट गॅस्किन्स यांनी अमेरिकेतील फोरथॉट या कंपनीत मांडली. डेनिस ऑस्टिन व टॉमस रडकिन यांनी तिला प्रत्यक्ष रूप दिले. ‘प्रेझेंटर’ असे मूळ नाव असलेले हे सॉफ्टवेअर एप्रिल १९८७ मध्ये ‘पॉवरपॉइंट’ या नावाने मॅकिंटॉश संगणकासाठी विक्रीस आले. ते कृष्णधवल होते व त्याचा मुख्य उपयोग ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शक कागद छापण्याचा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने सु. १.४ कोटी डॉलरला ही कंपनी विकत घेतली. विंडोजवरील आवृत्ती १९९० मध्ये निघाली. संगणकाचे चित्र थेट पडद्यावर टाकणारे प्रोजेक्टर स्वस्त होत गेले, तसे मधले पारदर्शक कागद नाहीसे झाले. इंप्रेस, कीनोट, गूगल स्लाइड्स ही याच प्रकारची अन्य सॉफ्टवेअर होत.

या सॉफ्टवेअरची रचना लक्षात घेतल्याखेरीज त्यावरील आक्षेप नीट उमगत नाहीत. नवी स्लाइड उघडली, की वर मथळ्याची व खाली ठिपके लावलेल्या त्रोटक ओळींची जागा तयार मिळते. त्यामुळे विषय कोणताही असो, मांडणी त्याच साच्यात पडते. तसेच स्लाइड वाढविण्यास काही खर्च येत नाही, म्हणून त्या वाढतच जातात. व्याख्यात्याने स्वतःच्या आठवणीसाठी काढावयाची टिपणे श्रोत्यांसमोर पडद्यावर येतात आणि तो त्यांच्याकडे पाठ करून ती वाचू लागतो. या पद्धतीचे हे सर्वांत सामान्य व सर्वांत कंटाळवाणे रूप होय.

शब्दांनी जे सांगता येत नाही किंवा सांगण्यास फार वेळ लागतो, ते दाखविण्यात स्लाइडचे खरे सामर्थ्य आहे. ऊतींचे सूक्ष्मदर्शकीय छायाचित्र, लेण्यातील शिल्पाचा तपशील, पन्नास वर्षांच्या पर्जन्यमानाचा आलेख, दोन हस्तलिखितांतील अक्षरवळणांची तुलना यांना तिच्याइतके सोयीचे साधन नाही. एखादी आकृती टप्प्याटप्प्याने उभी करता येते. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेलाही ती दिसते. एकदा केलेले काम सुधारून पुन्हा वापरता येते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना पडद्यावरील मजकुराचा आधार होतो. अंध श्रोत्यांच्या बाबतीत मात्र उलट अडचण होते : ‘ही आकृती पाहा’ एवढेच म्हणून वक्ता पुढे गेला, तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

शिक्षण-मानसशास्त्रात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांनुसार चित्र व त्याचे तोंडी स्पष्टीकरण यांच्या जोडीने होणारे आकलन चांगले असते. पण तेच स्पष्टीकरण शब्दशः पडद्यावरही छापले, तर ते घटते. चित्र पाहणे व मजकूर वाचणे ही दोन्ही कामे डोळ्यांवर पडतात, शिवाय वाचलेले व ऐकलेले जुळते की नाही हे पडताळण्यात लक्ष खर्ची पडते. तथापि हा नियम निरपवाद नाही. शिकविण्याची भाषा श्रोत्याची मातृभाषा नसेल, किंवा संज्ञा अपरिचित असतील, तर मोजका छापील शब्द उपकारक ठरतो. या अपवादाचे महत्त्व पुढे येईल.

त्रोटक मांडणीचा धोका सर्वाधिक चर्चिला गेला तो ‘कोलंबिया’ या अवकाशयानाच्या अपघातानंतर. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाण होताना इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी संभाव्य हानीचा अंदाज स्लाइडच्या रूपाने व्यवस्थापकांपुढे ठेवला. एका स्लाइडचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा शेकडो पट मोठा होता (सु. १,९२० घन इंच, चाचणीत ३ घन इंच). निर्णायक ठरावी अशी ही बाब त्याच स्लाइडच्या तळाशी, बारीक अक्षरांत, उपमुद्द्याच्या उपमुद्द्यात होती. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले व कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात तांत्रिक लेखांऐवजी स्लाइड वापरण्याच्या प्रथेवर टीका केली. संख्याशास्त्रीय आलेखांचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्याच वर्षी या सॉफ्टवेअरवर स्वतंत्र पुस्तिका लिहून, मुद्द्यांच्या उतरंडीत कार्यकारणसंबंध हरवतो, असे प्रतिपादन केले. अपघाताचे खापर सॉफ्टवेअरवर फोडणे अर्थातच योग्य नव्हे. मंडळाने संस्थेच्या कार्यपद्धतीलाही तितकेच जबाबदार धरले. परंतु पूर्ण वाक्य लिहावे लागले असते, तर ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ हे शब्दही लिहावे लागले असते, हा टफ्टी यांच्या टीकेचा गाभा नाकारता येत नाही.

मराठी सादरीकरणांच्या काही अडचणी लिपीतून उद्भवतात. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये केलेली स्लाइड तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, की देवनागरीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. सभागृहात पोहोचल्यावर हा प्रकार ध्यानात येऊन अनेक वक्त्यांची पंचाईत झाली आहे. युनिकोडमुळे ही अडचण बरीच दूर झाली, जुन्या फाइलींत मात्र ती उरली आहे. शिवाय देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येत असल्याने ओळींत अंतर अधिक ठेवावे लागते. रोमन लिपीसाठी आखलेल्या साच्यात मराठी मजकूर कोंबला, तर मागच्या बाकांवरून ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही कळत नाही.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत हे साधन मोठ्या प्रमाणावर आले ते ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमानंतर (शासन निर्णय २२ जून २०१५). लोकवर्गणीतून अनेक जिल्हा परिषद शाळांनी प्रोजेक्टर व मोठे पडदे घेतले, आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्दप्रयोग गावोगावी रुळला. हे साधन कोठे उपयोगी पडते व कोठे तोकडे, याचा विचार करण्यास नंदुरबार जिल्ह्यासारखा प्रदेश विशेष उद्‌बोधक आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा काढलेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के व साक्षरता सु. ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गुजरातच्या सीमेजवळील, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावरील गाव. या पट्ट्यात भिलीची विविध रूपे, वसावी, अहिराणी, गुजराती व मराठी या भाषा बोलल्या जातात. शाळेचे पुस्तक बव्हंशी प्रमाण मराठीत असते. अशा वर्गात मराठी मजकुराने भरलेली तयार स्लाइड ही मुलाच्या दृष्टीने पुस्तकाचेच एक आणखी पान ठरते, तेही शिक्षकाच्या बोटाने पुढे सरकणारे. पुस्तकाचे पान निदान मागे उलटता येते.

भूगोलाच्या एका पाठाचे उदाहरण घेता येईल. सातपुड्याच्या उत्तरेस नर्मदा व दक्षिणेस तापी या दोन्ही नद्या पश्चिमेकडे वाहतात आणि मधली रांग त्यांचे पाणलोट वेगळे करते. ‘जलविभाजक’ या संज्ञेची व्याख्या व तिच्याखाली चार मुद्दे अशी स्लाइड खापरच्या परिसरातील मुलाला फारसे काही देणार नाही. त्याऐवजी उठावाचा नकाशा, त्यावर दोन नद्यांच्या निळ्या रेषा, अक्कलकुव्याहून मोलगीकडे चढणाऱ्या देवगोई घाटाचे छायाचित्र आणि सर्व पडद्यावर ‘जलविभाजक’ हा एकच शब्द असला, तर डोंगराच्या माथ्यावर पडलेला पाऊस कोणकोणत्या बाजूंनी खाली येतो हे मुलांकडूनच त्यांच्या बोलीत काढून घेता येते. त्यांनी ते आपल्या शब्दांत सांगितले, की मग छापील संज्ञा कामी येते. येथे चित्र सर्वांचे, स्पष्टीकरण वर्गाच्या बोलीत व संज्ञा मराठीत, अशी कामाची वाटणी होते. मात्र त्यासाठी शिक्षकाला ती बोली निदान समजली पाहिजे. ही उणीव कोणताही प्रोजेक्टर भरून काढू शकत नाही. बाहेरून मिळालेली, ध्वनिमुद्रित निवेदनासह असलेली सादरीकरणे नेमकी येथेच अपुरी पडतात. ती तंत्रदृष्ट्या कितीही सफाईदार असली, तरी मुलाच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून थांबणे त्यांना शक्य नसते.

मार्च २०२० मध्ये कोविड साथीमुळे शाळा बंद झाल्यावर ही मर्यादा अधिक ठळक झाली. शहरांत स्लाइड व चित्रफिती भ्रमणध्वनीवरून पाठविल्या जाऊ लागल्या. सातपुड्यातील अनेक पाड्यांपर्यंत तर भ्रमणध्वनीचे जाळेच पोहोचलेले नव्हते. वीजपुरवठा खंडित होणे हीही डोंगराळ भागातील नेहमीची बाब आहे. म्हणून अशा भागासाठी सादरीकरण तयार करताना त्यातील पाच-सहा महत्त्वाची चित्रे मोठ्या कागदावर छापून ठेवणे हा साधा उपाय व्यवहार्य ठरतो. ती कोणत्याही क्रमाने दाखविता येतात, भिंतीवर टांगून ठेवता येतात आणि पाठ संपल्यावरही मुले त्यांपाशी जाऊन ती पाहू शकतात.

उच्च शिक्षणात स्लाइडचा संच हाच व्याख्यानाचा लेखी पर्याय म्हणून विद्यार्थ्यांना वाटण्याची प्रथा पडली आहे. ती दोन्ही अंगांनी गैरसोयीची आहे. ज्या स्लाइड ऐकताना उपयोगी असतात त्या विरळ असल्याने नंतर वाचून समजत नाहीत. ज्या वाचून समजतात त्या दाट असल्याने ऐकताना त्रासदायक होतात. सभागृहासाठी चित्रप्रधान स्लाइड व हाती देण्यासाठी पूर्ण वाक्यांत लिहिलेले दोन-तीन पृष्ठांचे टिपण असे दोन स्वतंत्र दस्तऐवज करणे श्रमाचे असले, तरी यावर अन्य उपाय दिसत नाही. काही मोठ्या संस्थांनी बैठकांपुरता स्लाइडचा वापर बंदच केला. अमेरिकेतील ॲमेझॉन या कंपनीत २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकीत स्लाइडऐवजी गद्य टिपण देऊन ते आरंभी सर्वांनी शांतपणे वाचण्याची पद्धत सुरू झाली. वर्गात अशी सरसकट बंदी इष्ट नाही. शरीरशास्त्राचा किंवा मूर्तिशास्त्राचा तास चित्रांविना घेणे अवघड आहे. कवितेच्या किंवा गणिती सिद्धतेच्या तासाला मात्र फळा व खडू अजूनही सरस ठरतात, कारण सिद्धतेची पुढची पायरी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत, शिक्षकाच्या हाताच्या वेगाने लिहिली जाते आणि त्या वेगाने विद्यार्थ्याला विचार करता येतो.